चुनीची सुई

"डोळे हळदीवानी झालते बघा अण्णा, पांढरं म्हणून काई राहिलंच न्हवतं," असं शेजारच्या दालमिलीचा राखणदार निंगप्पा म्हणाला आणि बशीतला चहा फुंकून प्यायला लागला. त्याचं सांगून झालं होतं. त्याच्या मिलीवरचं काळ्या कुत्रं मेलं, खड्डा खणला, मीठ टाकून पुरलं, संपलं. किशनरावांचं मात्र ऐकून झालं नव्हतं. हळद हा शब्द कानातून आत गेला आणि कुठंतरी खोल, जिथं एकतीस वर्षांत कुणी झाडू फिरवला नव्हता, तिथं जाऊन बसला. पुढं निंगप्पा काय बोलला ते त्यांना ऐकू आलं, पण बोलणारा विहिरीच्या काठावर आणि आपण तळाशी असल्यासारखं. काळ्या आठ दिवस खात नव्हता. मागचे पाय उचलत नव्हता. मुतायचा ते काळ्या चहासारखं. "आन् पाणी पिलं कुठलं, तर ह्या दोन गोदामांमधल्या नालीचं. उंदरं मुततात न्हवं त्यात. त्याच्यातनंच येतोय म्हणे रोग." किशनरावांनी मान वळवून नालीकडं पाहिलं. भाद्रपदातलं साचलेलं पाणी, हिरवट, वर तुरीच्या भुश्शाची साय धरलेली. त्यात आभाळाचा एक तुकडाही पडला होता आणि तो स्वच्छ दिसत होता. गेल्या हप्त्यात ह्याच पाण्यातून त्यांची कुत्री चुनी पोटापर्यंत भिजून आली होती, तोंडात उंदीर धरून, आणि त्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवून तिला शाबासकी दिली होती. तो हात त्यांनी आत्ता पँटीला पुसला.

चुनी तीन वर्षांची. डाळ भरडली की खाली जो बारीक चुरा पडतो, म्हशींना घालतात ती चुनी. तिच्या ढिगात एका सकाळी हे पिल्लू सापडलं, ढिगाच्याच रंगाचं. दोन डोळे उघडले म्हणून कळलं, नाहीतर घमेल्यातून उचलून पोत्यात गेलं असतं. किशनरावांच्या बायकोनं, राजूबाईनं, तिला ओच्यात घेतलं आणि म्हणाली, "आता हिला दुसरं नाव कशाला शोधायलाव?" अंगानं मांजरापेक्षा जराशी मोठी, पण उंदीर धरण्यात अशी तरबेज की कलबुर्गीतल्या त्या सगळ्या दालमिलींच्या ओळीत तिची कीर्ती होती. किशनरावांना तिचा अभिमान वाटायचा. आज पहिल्यांदाच वाटलं, की ज्या कामासाठी आपण तिला शाबासकी देतो, त्या कामातच ती आपलं मरण तोंडात धरून आणते.

चहा तसाच ठेवून त्यांनी चुनीला स्कूटरवर पायापाशी बसवलं आणि रिंगरोडच्या अलीकडं, घराच्याच पुढच्या खोलीत जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर भार्गवीकडं नेलं. भार्गवी तिशीची, बोटं बारीक, बोलणं शांत. तिनं चुनीचा ताप पाहिला, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं. "आज तरी झकास आहे, काका," ती म्हणाली. मग फ्रीज उघडून करंगळीएवढी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. "ही लेप्टोची लस. म्हणजे उंदरांच्या मुतातून होतो त्या रोगाची. द्यायची की नाही ते तुम्ही ठरवायचं."

"म्या ठरवायचं? मग तुमी कामून शिकलाव एवढं, म्याडम?"

"शिकले म्हणूनच विचारते," भार्गवी हसली. मग हसू बाजूला ठेवून तिनं सांगितलं. गेल्या वर्षी सगळ्या रोगांची एकत्र सुई दिली होती तेव्हा चुनीचं तोंड सुजलं होतं. किशनरावांना ते कसं विसरता येईल? घरी पोचेपर्यंत डोळे मिटले, नाक आणि गाल एक झाले, अंगभर गाठी आल्या, दोनदा ओकली आणि मग ह्याच टेबलावर आडवी पडून फक्त शेपटीचं टोक हलवत राहिली, जणू त्यांनाच धीर देत होती. तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं होतं: परत सुई न्हाई. म्हणून दुसरा डोस राहिला तो राहिलाच. "त्या सुईतल्या लेप्टोच्या लशीवरच माझा संशय आहे," भार्गवी म्हणाली, "लहान चणीच्या कुत्र्यांत असं जरा जास्त होतं. आज एकटी हीच देणार, आधी सुजेवरचं औषध, नंतर तासभर इथंच बसवून ठेवणार. तरी सूज येऊ शकते. क्वचित त्याहून वाईट. आणि नाही दिली, तर तुमच्याकडं उंदीर आहेत, नाली आहे, आणि ही बाई तोंडानं उंदीर धरते."

"दिली तर पक्कं?"

"पक्कं काही नाही, काका. ह्या रोगाच्या जाती खूप, लशीत त्यातल्या थोड्या. पण बहुतेकदा जीव वाचतो. तीन आठवड्यांनी दुसरा डोस, मग दर वर्षी एक. आणि आजची सुई गेल्या हप्त्यातल्या पाण्यासाठी नाही, पुढच्या पाण्यासाठी आहे. हिनं खाणं सोडलं, तर लस दिलेली असो वा नसो, त्याच दिवशी आणायची." मग टेबल पुसता पुसता तिनं आणखी एक सांगितलं. "आणि घरच्यांना अंगण धुताना चपला घालायला सांगा. माणसालाही होतो हा. ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाही माणूस. मग कुणाकुणाला कावीळ."

पोटऱ्या. किशनराव टेबलाची कड धरून उभे राहिले. भार्गवीला वाटलं, काका सुईला घाबरले. "बाहेर बाकावर बसा," ती म्हणाली, "घाई नाही."

बाहेर करंजाखाली बाक होता. शेळी घेऊन आलेली एक बाई आत गेली आणि किशनराव, त्यांच्या पायाशी चुनी आणि तिच्यावर हलणारी करंजाची सावली एवढंच उरलं. पोटऱ्यात कुणी खिळे ठोकायलंय दादा, असं बालाजी म्हणाला होता. बालाजी, धाकटा भाऊ, वीस वर्षांचा. तेव्हा हे सगळे आळंद गावात राहत. असाच भाद्रपद, गावातली नाली फुटून तुरीच्या गोदामात गुडघाभर पाणी शिरलेलं, आणि बालाजी दोन दिवस त्या पाण्यात उभा राहून एकेक पोतं खांद्यावर घेऊन माळ्यावर टाकत होता. अनवाणी. टाचेला भेग पडलेली, ती पाण्यानं पांढरी झालेली, तिच्याकडं पाहून तो म्हणाला होता, बघ, पायाला तोंड फुटलंय, आता हे पण जेवाय मागतंय. आई दारात बसून तूर निवडत होती आणि जात्यावरची सवय जिभेवर असल्यामुळं आपसूक म्हणत होती:

पाण्या गं बाईला, न्हाई हात न्हाई पाय
उंबऱ्याच्या आत येती, जशी पाहुणी माय

ती ओवी तिनं कुठून आणली होती कुणास ठाऊक, की तिथंच जुळवली. पाण्याला पाय नाहीत आणि ते घरात येतं. किशनरावांना तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आज करंजाखाली बसून वाटलं की आईनं सगळं सांगितलं होतं, फक्त पाहुणीबरोबर कोण आलं होतं ते तिलाही दिसलं नव्हतं. ते दिसणारं नव्हतंच. उंदराच्या पोटातून पाण्यात, पाण्यातून टाचेच्या भेगेत, भेगेतून रक्तात, आणि ह्या सगळ्या वाटेवर एक पाऊल उमटलं नव्हतं.

फोन वाजला. राजूबाई. "झालं का?"

"न्हाई अजून. इच्चार करायलोय."

"इच्चार? टोचायचं आसंल तर टोचा, न्हाई तर घरी या. कुत्रं हाय का जावई, एवढा मान द्यायलाव ते?"

"गेल्या साली सुजलती, ध्यानात हाय न्हवं."

"हाय की. रातभर मांडीवर मीच घेऊन बसलते, तुमी तर देवापुढं जाऊन उभारलाव." मग आवाज उतरला. "खरं सांगू का? मला काई समजंना. तुमी इचारा त्या पोरीला, तिचं कुत्रं आसतं तर तिनं काय केलं आसतं. आन् आयका, गळ्यातला दोरा ढिला करा आधी. दिठीचा बांधलेला. फुगली तर आवळंल."

किशनरावांनी खाली वाकून पाहिलं. चुनीच्या गळ्यात काळा दोरा होता. त्यांनी गाठ सरकवली, एक बोट आत घालून पाहिलं. बरोबर एक बोट गेलं. आणि ते बोट तसंच दोऱ्यात राहिलं, कारण त्या बोटाला दुसरी एक गाठ आठवली होती, ती त्यांनी राजूबाईलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

बालाजीचे डोळे आधी लाल झाले, मग पिवळे. आळंदच्या डॉक्टरनं हात धरून पाहिला आणि चिठ्ठी लिहून दिली, आजच्या आज गुलबर्ग्याला न्या, रक्त तपासा. चाळीस किलोमीटर. पण पिवळे डोळे पाहिल्यावर गल्लीत कुणालाच तपासायचं काही उरलं नव्हतं. कावीळ. आणि काविळीला हणमंतप्पाची माळ. हणमंतप्पा रविवारी उजाडायच्या आत, कुणाशी न बोलता रानात जायचा, कुठल्याशा वेलीच्या हिरव्या काड्या आणायचा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दोऱ्यात गुंफायचा. एवढीशी माळ, बांगडीएवढी, आजाऱ्याच्या टाळूवर ठेवायची. ती आपोआप वाढते. कपाळावर येते, गळ्यात उतरते, छातीवर, बेंबीवर. पायातून निघाली की कावीळ गेली. बदल्यात तो एक नारळ घ्यायचा, तोही देवाला फोडायचा. अट एकच होती: अंगावर माळ असेतोवर सुई लावायची नाही. सुई लागली की माळ थांबते.

आणि माळ वाढली. हे किशनरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ते कुणी खोटं म्हणू शकत नव्हतं. संध्याकाळी ती भुवयांना टेकली. दुसऱ्या सकाळी कानांवरून घसरून गळ्यात आली. बायका दारात जमून, हनुवटीला बोट लावून बघायच्या, उतरायलीय गं बाई, उतरायलीय. असं आश्चर्य किशनरावांनी जन्मात पाहिलं नव्हतं. हिरवी एवढीशी वस्तू, कुणी हात न लावता, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून इंच इंच चालत होती, आणि तिच्यामागून आजार चालत निघाला होता, असं वाटत होतं. चिठ्ठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. घरात तेव्हा कर्ते तेच, पंचवीस वर्षांचे. दिवसातून तीनदा ते खिशावर हात ठेवायचे आणि तीनदा माळेकडं बघून हात काढायचे. बालाजीसुद्धा हसला होता, सुकलेल्या ओठांनी. "दादा, लग्नाची माळ व्हायलीय बघ. नवरी तेवढी आणा." पाचव्या दिवशी माळ बेंबीवर आली आणि त्या दिवशी त्याची लघवी बंद झाली. सहाव्या दिवशी दुपारी तो गेला. माळ मांडीपर्यंत पोचली होती.

ती अंगावरून काढून किशनरावांनीच खुंटीला अडकवली, कारण टाकवेना. आणि माळ वाढतच राहिली. खुंटीवर. रिकामी. सुतक होतं, घर निजल्यासारखं पडलं होतं, आणि किशनराव भिंतीला टेकून बघत होते: रोज चार बोटं, रोज चार बोटं. तिच्यात आता कुणाची कावीळ उतरत होती? नवव्या दिवशी त्यांनी ती हातात घेतली आणि नखानं एक गाठ उकलली. फासाची गाठ होती. काडी ओली असताना गच्च, वाळून बारीक झाली की फास सैल, दोरा पुढं सरकतो. एवढंच. हणमंतप्पानं फसवलं नव्हतं. त्याच्या बापानं त्याला अशीच गाठ शिकवली होती, तो तशी बांधत होता आणि हात जोडत होता. डोळ्यांनीही फसवलं नव्हतं. माळ खरोखरच वाढत होती. ती तिच्या वाळण्यानं वाढत होती आणि बालाजी त्याच्या मरणानं मरत होता, दोघं एकाच अंथरुणावर, एकमेकांची ओळखसुद्धा नसलेले. मग ज्या गावाला भावाला नेलं नाही, त्याच गावात किशनराव बिऱ्हाड घेऊन आले आणि इथंच राहिले. गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं तरी राहिले. लोक म्हणाले, धंद्यासाठी गेला.

शेळीवाली बाई बाहेर आली, बाकाच्या टोकाला टेकली. किशनरावांचं बोट अजून चुनीच्या दोऱ्यात होतं. "लेकरावानी धरलाव की हो," बाई म्हणाली. त्यांनी बोट काढलं. चुनीनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं, आपल्याविषयी काही ठरतंय ह्याचा तिला पत्ता नव्हता. मग तिनं हनुवटी त्यांच्या चपलेवर ठेवली, सगळा भार टाकून. एवढंसं डोकं, पण चप्पल दबली. किशनरावांना त्या भाराचं नवल वाटलं. सबंध जीव कुणी आपल्या पायाच्या बोटांवर ठेवतं आणि डोळे मिटतं. बालाजीनं तरी दुसरं काय केलं होतं?

ते उठून दारापर्यंत गेले. आत टेबलावर बाटली तशीच होती. "म्याडम, ह्यात हाय काय नेमकं?"

"त्याच रोगाचे जंतू, काका. पण मेलेले. अंगाला त्यांची ओळख करून द्यायची. पुढं कधी जिवंत आले तर अंग ओळखतं."

"तिला कळंल का?"

"तिला नाही कळणार. तिच्या रक्ताला कळेल."

किशनरावांनी बाटली उजेडाकडं धरली. आत पाणी दिसत होतं. नुसतं पाणी, तळाशी काही नाही, वर काही नाही, आणि त्यात खिडकीचा एक चौकोन पडलेला, स्वच्छ. नालीतल्या आभाळासारखाच. त्यांच्या अंगावर काटा आल्यासारखं झालं, पण ती भीती नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात डोळे अंधाराला सरावत असताना होतं तसं काहीतरी. म्हणजे इथं दोन पाणी होती आणि डोळ्याला दोन्ही सारखीच. एकात मरण पोहत होतं, दुसऱ्यात मेलेलं मरण. आणि ह्या चुरगळलेल्या, ढिगाच्या रंगाच्या कुत्रीच्या रक्तात, जिला स्वतःची शेपूट पकडता येत नाही तिच्या रक्तात, न पाहिलेला चेहरा ओळखून ठेवणारं कुणी बसलं होतं. केवढं हे आत चाललेलं असतं! आणि आपण बाहेर बसून माळ कुठपर्यंत आली ते बघतो.

"तुमचं कुत्रं आसतं तर?" त्यांनी राजूबाईचा प्रश्न विचारला.

भार्गवीनं बाटली त्यांच्या हातातून घेतली. "तुमच्या मिलमध्ये राहत असतं तर दिली असती," ती म्हणाली. "आणि तासभर माझा जीव टांगणीला लागला असता."

हे शेवटचं वाक्य तिनं म्हटलं नसतं तर कदाचित किशनराव घरी गेले असते. पण हणमंतप्पा असं कधी म्हणाला नव्हता. त्याच्याकडं सगळं पक्कं होतं. "द्या," ते म्हणाले.

"ठरलं?"

"ठरलं न्हाई, म्याडम. पण द्या."

आधी सुजेवरचं औषध दिलं. थोड्या वेळानं सुई. त्यांनी चुनीचं डोकं काखेत धरलं होतं. सुई गेली तेव्हा ती नाही, तेच दचकले. मग पुन्हा बाक, पुन्हा करंज. ऊन आता शेंड्यावरून खाली येत होतं. दर पाच मिनिटांनी ते दोऱ्यात बोट घालायचे. जातं. परत पाच मिनिटांनी. जातं. पाऊण तासानंतरही बोट सहज जात होतं, आणि त्यांच्या छातीत काहीतरी उतरायला लागलं, हळूहळू, गळ्यातून छातीवर, छातीवरून खाली, गार गार. राजूबाईला फोन लावावा म्हणून त्यांनी खिशाकडं हात नेला. खिशावर हात टेकला आणि तिथंच थांबला. हे उतरणं त्यांच्या ओळखीचं होतं.

त्यांनी दोरा सोडला आणि चुनीचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवलं. डाव्या डोळ्याची पापणी जड दिसत होती. जरा. इतकी जरा, की दुसरं कुणी म्हणालं असतं, झोप आलीय. तिनं पुढचा पंजा उचलून नाक घासलं, एकदा, परत एकदा. दोऱ्यात बोट तेवढंच जात होतं. दोरा गळ्याचं सांगत होता, आणि गळ्यापुरतं खरंच सांगत होता.

"म्याडम!" किशनराव असे ओरडले की शेळीसुद्धा उभी राहिली. चुनीला उचलून ते आत धावले, चपला बाकाखालीच राहिल्या. "दोरा ढिलाच हाय, पण डोळा बघा, तुमीच बघा एकदा, मला चांगलं दिसायलंय म्हणून सोडू नका, तुमी बघा."

भार्गवीनं पापणी बोटानं दाबली, ओठ उलटा केला, छातीला नळी लावली. "बरं केलंत," एवढंच म्हणाली आणि सूज उतरवायची, तयार ठेवलेली दुसरी सुई टोचली. मग दोघंही टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. पंख्याचा आवाज. किशनरावांचे अनवाणी पाय गार फरशीवर. चुनीच्या बरगड्या वर जात होत्या, खाली येत होत्या, आणि प्रत्येक वेळी खाली आल्यावर परत वर जातील का ह्याची जगात कुणालाच खात्री नव्हती, तरी त्या जात होत्या. किशनराव ते पाहत राहिले. किती वेळ, ते त्यांना कळलं नाही. मग शेपटीचं टोक हललं. पापणी हलकी झाली होती.

"तीन आठवड्यांनी दुसरा डोस," भार्गवी म्हणाली, "पण आजचं बघता परत विचार करावा लागेल. द्यायचा की नाही."

"करू की. त्याच बाकावर बसू," किशनराव म्हणाले. मग अंगठ्यानं त्यांनी चुनीच्या डोळ्याची वरची पापणी अगदी हळू वर सरकवली. चुनीनं करू दिलं. आत पांढरं होतं. कापसासारखं नाही, दुधासारखं नाही, डोळ्यासारखंच पांढरं, बारीक तांबड्या शिरा असलेलं, ओलं, आणि त्या ओल्यात खिडकीचा एक चौकोन पडलेला. असं पांढरं किशनरावांनी पूर्वी कधी नीट पाहिलंच नव्हतं. ते वाकून पाहत राहिले.